परार्थ याचना

आपल्या घरांतून याचनेविषयीं दोन परस्परविरुद्ध समजुती पिढ्यान्‌पिढ्या शेजारीं शेजारीं नांदत आल्या आहेत. एक समजूत अशी कीं, दुसऱ्यापुढें हात पसरण्याइतकें हीन कृत्य नाहीं. घरांत चूल पेटली नाहीं तरी चालेल, पण शेजाऱ्यास त्याची वार्ता लागतां कामा नये. दुसरी समजूत अशी कीं, विद्येसाठीं मागितलेल्या अन्नास दोष नाहीं. माधुकरी मागून किंवा वार लावून शिकलेला पूर्वज ज्या घराण्यांत नाहीं असें घराणें सांपडणें कठीण, आणि त्या पूर्वजाची हकीकत आपण मुलांना अभिमानानेंच सांगतों. या दोहोंपैकीं कोणती समजूत कोठें लावावी, हा प्रश्न नुकताच एका परिचित कुटुंबांत अगदीं निराळ्या रूपानें उपस्थित झाला.

त्या घरची मुलगी उच्च शिक्षणासाठीं अमेरिकेंत गेली. शिक्षण संपल्यावर तिला तेथील एका विद्यापीठाच्या क्रीडाविभागांत नोकरी मिळाली. काम काय, तर माजी विद्यार्थ्यांस व धनिकांस भेटून विद्यापीठाच्या खेळांसाठीं देणग्या मिळविणें. पगार चांगला, मान बरा. आजोबांनीं सर्व ऐकून घेतलें आणि एवढेंच विचारलें, "इतकें शिकून शेवटीं वर्गणीच गोळा करायची? आणि तीही चेंडू लाथाडण्यासाठीं?" तेथील फुटबॉल बहुतांशीं हातांनींच खेळतात, ही गोष्ट आजोबांस कोणी सांगितली नसावी, परंतु त्यामुळें प्रश्नाचें वजन कमी होत नाहीं. त्यांत दोन खरे आक्षेप आहेत. मागणें हा सुशिक्षिताचा व्यवसाय होऊं शकतो काय? आणि खेळ हा दानाचा विषय होऊं शकतो काय? दोहोंचाही विचार माहितीनिशीं व्हावा, म्हणून आजचें हें टिपण.

प्रथम तेथील परिस्थिति पाहूं. आपल्याकडे महाविद्यालयांतील खेळ म्हटला कीं जिमखान्याचें एक कपाट, एक शिपाई आणि वर्षाअखेरचा बक्षीससमारंभ एवढेंच चित्र बहुतेकांच्या डोळ्यांपुढें येतें. अमेरिकेंत तसें नाहीं. तेथील महाविद्यालयांचा आपसांतील पहिला क्रीडासामना १८५२ सालीं हार्वर्ड व येल यांच्यामध्यें झाला. ती नौकांची शर्यत होती, आणि तिचा खर्च एका रेल्वे कंपनीनें सोसला होता. कारण शर्यतीच्या निमित्तानें उतारू येतील असा तिचा हिशेब होता. म्हणजे खेळ आणि पैसा यांची गांठ तेथें पहिल्याच दिवशीं पडली. पुढें १९०३ सालीं हार्वर्डनें भव्य क्रीडागार उभारलें. त्यासाठीं १८७९ सालच्या पदवीधरांच्या तुकडीनें १ लक्ष डॉलर दिले. फुटबॉलमध्यें तरुण मुलें दगावूं लागलीं, तेव्हां १९०५ सालीं राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांस विद्यापीठांच्या प्रतिनिधींना बोलावून समज द्यावी लागली, आणि पुढच्याच वर्षीं खेळांचें नियमन करणारी राष्ट्रीय संस्था स्थापन झाली. आज त्या संस्थेंत सुमारें ११०० महाविद्यालयें व विद्यापीठें असून त्यांच्या संघांतून ५ लक्षांहून अधिक विद्यार्थी खेळतात.

इतका मोठा संसार चालावयाचा कसा? तिकिटांची विक्री, सामन्यांच्या प्रक्षेपणाचे हक्क, विद्यार्थ्यांच्या फीमधील कांहीं भाग, विद्यापीठाच्या तिजोरींतून मिळणारें साहाय्य, आणि देणग्या, असे त्याच्या उत्पन्नाचे मार्ग आहेत. थोड्या नामांकित विद्यापीठांच्या फुटबॉलला अलोट पैसा मिळतो हें खरें. परंतु बहुसंख्य विद्यापीठांत क्रीडाविभाग स्वतःच्या मिळकतीवर स्वतःचा खर्च भागवूं शकत नाहीं. ही तूट जितकी देणग्यांनीं भरून निघेल, तितका इतर विद्यार्थ्यांवरचा भार हलका होतो. म्हणून देणगी मिळविणारा मनुष्य तेथें क्रीडाविभागाचा एक आधारस्तंभच होऊन बसला आहे.

या कामाचा आरंभ मोठा साधा होता. दक्षिण कॅरोलायना प्रांतांत क्लेमसन नांवाचें विद्यापीठ आहे. १९३४ सालीं, म्हणजे अमेरिकेंत ऐन मंदीचे दिवस चालू असतां, तेथील कांहीं माजी विद्यार्थ्यांनीं एक मंडळ काढलें. 'मी वर्षाला दहा देतों' अशा अर्थाच्या इंग्रजी शब्दांचीं आद्याक्षरें जुळवून त्यांनीं मंडळाचें नांव ठेविलें. दहा डॉलर ही तेव्हां लहान रक्कम नव्हती. ज्यांच्यापाशीं रोकड नव्हती त्यांनीं दूध आणि रताळीं आणून दिलीं. तें मंडळ आजही चालू आहे. आपल्याकडील जुन्या पिढीस पैसाफंडाची आठवण झाल्यावांचून राहणार नाहीं. माणशीं एक पैसा या हिशेबानें अंताजीपंत काळ्यांनीं महाराष्ट्रभर मागून आणिलें, आणि त्यांतून तळेगांवास कांचेचा कारखाना उभा राहिला. थोडें थोडें पुष्कळांकडून घ्यावें, आणि देणाऱ्यास 'हें माझें आहे' असें वाटावें, हीच दोहोंची खुबी.

आतां प्रत्यक्ष काम कसें चालतें तें पाहूं. बाहेरून पाहणारास वाटतें कीं, या मनुष्यानें जावें, हात पसरावा आणि धनादेश घेऊन यावें. वस्तुतः मागणें हा त्यांतला सर्वांत लहान भाग आहे. लहान देणग्या पत्रांनीं व दूरध्वनीनें दरसाल मागवितात. परंतु मोठ्या देणगीसाठीं एकेका गृहस्थामागें वर्ष-दोन वर्षें घालवावीं लागतात. पहिल्या भेटींत पैशाचा विषय काढीत नाहींत. हा मनुष्य विद्यापीठांत कोणत्या सालीं होता, कोणता खेळ खेळला, कोणत्या शिक्षकानें त्याला वळण लाविलें, तो सध्यां कोणत्या विवंचनेंत आहे, हें सर्व ऐकून घ्यावयाचें. ज्याला बोलण्यापेक्षां ऐकणें अधिक साधतें, तोच या कामांत टिकतो. मग एके दिवशीं स्पष्ट शब्दांत, अमुक कामासाठीं अमुक रक्कम, अशी मागणी करावयाची आणि उत्तर मिळेपर्यंत गप्प बसावयाचें. हें गप्प बसणेंच नवशिक्यास सर्वांत अवघड जातें.

देणगी ठरली म्हणजे लेखी करार होतो. अक्षयनिधि असेल तर मूळ रकमेस हात न लावतां केवळ तिच्या उत्पन्नांतून खर्च करावयाचा असतो. समजा, कोणी ५ लक्ष डॉलर दिले आणि त्यांतून वर्षाला शेंकडा ४ प्रमाणें रक्कम काढावयाची ठरली, तर २० हजार डॉलरची शिष्यवृत्ति दाता गेल्यावरही चालू राहते. त्यानंतरचें काम आभाराचें आणि हिशेबाचें. ज्या विद्यार्थ्यास ती शिष्यवृत्ति मिळाली त्याचें पत्र दात्याकडे पोंचविणें, पैसा ठरल्या कामींच लागला हें दाखविणें, आणि दुसरें कांहीं मागावयाचें नसतांनाही जाऊन भेटणें. सामन्याच्या दिवशीं हजारों लोक आनंदानें ओरडत असतात, तेव्हां हा मनुष्य सामन्याकडे पाठ करून कोणा वृद्ध आश्रयदात्याची खुर्ची सांवलींत आहे कीं नाहीं हें पाहत असतो. संध्याकाळीं आणि सुटीचे दिवस त्याच्या मालकीचे नसतात. आणि दहा दारें ठोठावल्यावर सात-आठ ठिकाणीं नकार घ्यावयाचा, तोही हंसतमुखानें.

अशा मनुष्यास भिक्षेकरी म्हणावें काय? येथें मला रघुवंशाच्या पांचव्या सर्गांतील कौत्साची आठवण होते. वरतंतु ऋषींचा हा शिष्य गुरुदक्षिणेच्या चौदा कोटी सुवर्णमुद्रा मागण्यास रघूकडे आला. रघूनें विश्वजित्‌ यज्ञांत सर्वस्व देऊन टाकलें होतें. अतिथीस अर्घ्य देण्यापुरतें मातीचें भांडें तेवढें त्याच्यापाशीं उरलें होतें. तरीही कुबेराकडून धन आलें, आणि राजा तें सर्वच्या सर्व देऊं लागला. कौत्स मात्र गुरूला द्यावयाच्या रकमेहून एक मुद्राही अधिक घेईना. अयोध्येंतील लोकांनीं त्या दोघांचेंही कौतुक केलें, असें कालिदास वर्णन करतो. मागणाराही वंद्य ठरला तो मर्यादेमुळें. मागावयाचें तें दुसऱ्यासाठीं, आणि त्यांतील कांहींही आपल्या पदरीं ठेवावयाचें नाहीं, ही ती मर्यादा.

कौतुकाची गोष्ट ही कीं, अमेरिकेंतील निधिसंकलकांच्या व्यावसायिक संघटनेनेंही आपल्या आचारसंहितेंत हाच नियम घालून दिला आहे. जमविलेल्या रकमेवर शेंकडेवारीनें मोबदला घेणें सभासदास निषिद्ध आहे. त्यानें ठरलेला पगार घ्यावा. कारण उघड आहे. एखादी ऐंशी वर्षांची विधवा पतीच्या नांवानें मोठी रक्कम देऊं पाहते; तिच्या मुलाबाळांच्या दृष्टीनें ती रक्कम अवाजवी आहे. समोर बसलेल्या मनुष्याचा त्यांत दहावा हिस्सा असेल, तर तो तिला 'आई, जरा थांबा, मुलांशीं बोला' असें कधीं तरी म्हणेल काय? पगारी मनुष्य म्हणेलच असें नाहीं; पण त्याला म्हणतां तरी येईल. आजोबांच्या पहिल्या आक्षेपाचें उत्तर येथें मिळतें. मागणें हा व्यवसाय होऊं शकतो, मात्र मागणाराचा वांटा त्यांत असतां कामा नये.

परंतु एवढ्यानें भागत नाहीं. खरा धोका पुढेंच आहे, आणि क्रीडाविभागांत तो इतर कोणत्याही विभागापेक्षां मोठा आहे. रुग्णालयास देणगी देणारा मनुष्य शस्त्रक्रिया कोणीं करावी हें सांगत नाहीं. खेळाला देणगी देणारास मात्र संघ जिंकलेला पाहावयाचा असतो, आणि तो कसा जिंकेल हें आपल्याला शिक्षकापेक्षां अधिक कळतें असें त्याला मनापासून वाटत असतें. येथें दान हळूच कूस पालटतें आणि खरेदी होऊन बसतें.

ही कूस पालटण्याची पहिली पायरी म्हणजे आसनें. चांगलें आसन विकत घेण्याचा हक्क हवा, तर आधीं 'देणगी' द्या, अशी प्रथा तेथें रूढ झाली. सरकारनें १९८८ सालीं कायदा करून अशा देणगीचा शेंकडा ८० भाग धर्मादाय मानला व त्यावर प्राप्तिकराची सूट दिली. २०१७ सालच्या कायद्यानें ही सूट २०१८ पासून रद्द केली. म्हणजे जवळजवळ तीस वर्षें तिकिटाची पुढची रांग तेथें धर्मखात्यांत जमा होत होती!

दुसरी पायरी सत्तेची. ऑरेगन विद्यापीठाचे माजी धावपटु आणि नाइकी या पादत्राणांच्या कंपनीचे संस्थापक फिल नाइट हे त्या विद्यापीठाचे मोठे दाते. २००० सालीं विद्यापीठ कामगारांच्या हक्कांवर देखरेख ठेवणाऱ्या एका संस्थेचें सभासद झालें, तेव्हां त्यांनीं क्रीडागाराच्या विस्तारासाठीं अपेक्षित असलेली सुमारें ३ कोटी डॉलरची देणगी रोखली. पुढें विद्यापीठ त्या संस्थेंतून बाहेर पडलें, आणि देणग्या पुन्हा सुरू झाल्या. २०११ सालीं कनेक्टिकट विद्यापीठाच्या एका दात्यानें, फुटबॉलचा शिक्षक नेमतांना आपल्याला विचारलें नाहीं म्हणून, दिलेले ३० लक्ष डॉलर परत मागितले आणि इमारतीवरील आपलें नांव काढून टाकण्यास सांगितलें. डॅलसच्या सदर्न मेथडिस्ट विद्यापीठांत तर आश्रयदाते खेळाडूंस गुपचूप पैसे चारीत होते. एकदां पकडलें जाऊनही तें थांबलें नाहीं, तेव्हां १९८७ सालीं राष्ट्रीय संस्थेनें तेथील फुटबॉलचा संपूर्ण हंगामच बंद ठेवला. शिक्षा खेळाडूंनीं भोगली.

तिसरी पायरी सांगतांना लेखणी किंचित्‌ अडखळते. ओक्लाहोमा राज्य विद्यापीठास टी. बून पिकेन्स या माजी विद्यार्थ्याकडून २००५ सालच्या अखेरीस एकरकमी १६ कोटी ५० लक्ष डॉलर मिळाले होते. त्याच विद्यापीठाच्या क्रीडाविभागानें २००७ सालीं दोन डझनांहून अधिक वृद्ध आश्रयदात्यांच्या, त्यांच्या संमतीनें, प्रत्येकीं १ कोटी डॉलरच्या आयुर्विम्याच्या पॉलिसी उतरविल्या. दाता वारला कीं रक्कम क्रीडाविभागास मिळावयाची. दाते सुदैवानें वारले नाहींत. हप्त्यांपायीं मोठी रक्कम गेली. आणि थोड्याच वर्षांत ती योजना गुंडाळावी लागली. दात्याच्या आरोग्याचें वृत्त ऐकून ज्या विभागाच्या हिशेबनिसानें हळहळावें, त्या विभागाच्या मागण्यांत कोठें तरी मूळचा धर्म सुटला आहे, हें सांगण्यास शास्त्री लागत नाहीं.

भगवद्गीतेच्या सतराव्या अध्यायांत दानाचे सात्त्विक, राजस व तामस असे तीन भेद सांगितले आहेत. मोबदल्यावर डोळा ठेवून दिलेलें तें राजस. आपण हे भेद नेहमी देणाऱ्याच्या बाजूनें वाचतों. परंतु मागणारास त्यांतून एक कर्तव्य प्राप्त होतें, तिकडे आपलें लक्ष जात नाहीं. देणारा राजस बुद्धीनें आला तरी त्याच्या हातून होतां होईल तों सात्त्विक दान करवून घेणें, हें मागणाराचें कौशल्य. आणि तें साधत नसेल तेथें नम्रपणें नाहीं म्हणणें, हें त्याचें शील. विद्यापीठास श्रीमती नाथीबाईंचें नांव द्यावें या इच्छेनें सर विठ्ठलदास ठाकरसी यांनीं १९२० सालीं अण्णासाहेब कर्व्यांच्या महिला विद्यापीठास १५ लक्ष रुपये देऊं केले. अण्णासाहेबांनीं ती देणगी स्वीकारली, कारण मातेचें नांव दिल्यानें विद्यापीठाचा हेतु तसूभरही ढळत नव्हता. नांव देणें निराळें आणि लगाम देणें निराळें. हा विवेक सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांच्या पगारी मुलीनें कोट्यधीशासमोर बसून, आपल्या डोक्यावर वर्षाच्या उद्दिष्टाचा आंकडा टांगलेला असतां करावयाचा आहे. हें काम हलकें आहे असें ज्यास वाटत असेल, त्यानें तें एक दिवस करून पाहावें.

आतां दुसरा आक्षेप: खेळ हा दानाचा विषय आहे काय? याचें उत्तर अलीकडे तेथें अधिकच गुंतागुंतीचें झालें आहे. खेळाडु हा हौशी विद्यार्थी, त्याला शिष्यवृत्तीपलीकडे कांहीं द्यावयाचें नाहीं, हें तत्त्व शतकभर चाललें. १ जुलै २०२१ पासून खेळाडूस आपल्या नांवावर व कीर्तीवर पैसे मिळविण्याची मुभा मिळाली. आणि जून २०२५ मध्यें न्यायालयानें मंजूर केलेल्या तडजोडीनें विद्यापीठांना २०२५-२६ या वर्षापासून खेळाडूंस थेट पैसे देण्याची परवानगी मिळाली. पहिल्या वर्षाची कमाल मर्यादा प्रत्येक विद्यापीठास सुमारें २ कोटी ५ लक्ष डॉलर इतकी ठरली. ज्यांच्या श्रमावर क्रीडागारें भरतात त्यांना वांटा मिळाला, हें न्याय्यच झालें. परंतु 'होतकरू विद्यार्थ्यास शिकतें करा' असें म्हणून मागणें आणि 'प्रतिस्पर्ध्याहून अधिक पगार देण्यास साहाय्य करा' असें म्हणून मागणें, या दोन मागण्यांस एकच शब्द लावतां येत नाहीं. प्रामाणिक संकलकानें दात्यास आपण यांपैकीं कोणती मागणी करीत आहों तें स्वच्छ सांगितलें पाहिजे.

उलट, दानास खरोखर पात्र असा भाग तेथेंही पुष्कळ आहे. पोहणें, कुस्ती, तलवारबाजी, नौकानयन या खेळांस गर्दी लोटत नाहीं. पैशाची ओढाताण सुरू झाली म्हणजे कुऱ्हाड प्रथम त्यांच्यावर पडते. स्टॅनफर्डसारख्या संपन्न विद्यापीठानेंही २०२० सालीं ११ खेळ बंद करण्याचें जाहीर केलें होतें. माजी खेळाडूंनीं एकजूट करून आवाज उठविला, निधीचीं वचनें गोळा केलीं, तेव्हां २०२१ सालीं तो निर्णय फिरला. मुलींच्या खेळांस १९७२ च्या कायद्यानें समान संधीचें संरक्षण दिलें; तरी आश्रयदात्यांचें प्रेम फुटबॉलवर अधिक असतें. अशा वेळीं एखाद्या धनिकास मुलींच्या नौकानयनाकडे किंवा कुस्तीच्या आखाड्याकडे वळविणारी मुलगी जें करते, त्यास वर्गणी गोळा करणें एवढेंच नांव पुरत नाहीं.

आणि खेळासाठीं मागणें आपल्यालाही नवें नाहीं. कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९५२ सालीं हेलसिंकीच्या ऑलिंपिकला जावयास निघाले, तेव्हां त्यांस वर्गणीसाठीं हिंडावें लागलें. अखेर ज्या राजाराम महाविद्यालयांत ते शिकले, तेथील प्राचार्य खर्डेकर यांनीं आपलें घर गहाण टाकून ७ हजार रुपये उभे केले. खाशाबांनीं कांस्यपदक आणलें. स्वतंत्र भारताचें तें पहिलें वैयक्तिक ऑलिंपिक पदक. पुढें कुस्त्या भरवून त्यांनीं तें कर्जही फेडलें. ही कथा आपण मोठ्या प्रेमानें सांगतों, आणि सांगावी. पण तिच्यांत आपल्या समाजावर एक ठपकाही आहे. एका शिक्षकास घर गहाण टाकावें लागलें, कारण शेंकडों सुखवस्तु घरांच्या दारांशीं जाऊन, योग्य शब्दांत आणि योग्य वेळीं मागणारा कोणी मनुष्य नेमलेला नव्हता. त्यागी पुरुष वारंवार मिळत नाहींत. त्यांची वाट पाहत बसण्यापेक्षां मागण्याची चांगली व्यवस्था असणें हें समाजाच्या शहाणपणाचें लक्षण होय. अण्णासाहेब कर्वे सत्तरी उलटल्यावर १९२९ सालीं परदेशच्या दौऱ्यावर निघाले आणि १९३२ पर्यंत युरोप, अमेरिका, आफ्रिका अशी भ्रमंती करून विद्यापीठासाठीं निधि मिळवीत राहिले. तेव्हां त्यांची मान खालीं गेली नाहीं, आपलीच वर झाली.

तेव्हां ज्या घरांतील मुलगा वा मुलगी असें काम पत्करील, त्या घरच्या वडील मंडळींनीं तिला पगाराचा आंकडा विचारण्याबरोबर तीन प्रश्न अवश्य विचारावे. तूं मागतेस तें कोणाच्या पदरांत पडतें? देणाऱ्यास त्याच्या बदल्यांत तूं काय कबूल करतेस? आणि ज्या देणगीस नाहीं म्हणावयास हवें, तीस नाहीं म्हणण्याची मोकळीक तुला आहे काय? या तिहींचीं उत्तरें सरळ मिळालीं, तर आजोबांनीं निःशंक व्हावें. आपल्या घराण्यांत कोणी पूर्वी विद्येसाठीं झोळी घेतली असेल; आतां कोणी दुसऱ्यांच्या मुलांसाठीं घेत आहे. झोळीला कमीपणा नाहीं; ती कोणासाठीं उघडते आणि कोणत्या क्षणीं मिटतां येते, यावर तिची योग्यता ठरते.